त्या थंडीत काय मिळतं?

आमचा इफ्तार होऊन दोन-अडीच तास झाले, की आपाच्या मोबाइलवर तिच्या मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. माझा हा भाचा फिनलंडमध्ये, हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहरात नोकरीला आहे. मिरजेत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे सूर्य मावळतो आणि तो खजूर तोंडात टाकून रोजा सोडतो. मागे खिडकीत बर्फ दिसत असतो. आपाचा प्रश्न ठरलेला, "त्या थंडीत तुला मिळतं तरी काय रे?"

यंदा त्याने नीट उत्तर दिले. त्याच्या फिनिश भाषेच्या वर्गात बाईंनी सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना विचारले होते, की इथले काय आवडते?

एक इराकी आई म्हणाली, माझा सात वर्षांचा मुलगा एकटा चालत शाळेत जातो. दुपारचे गरम जेवण शाळाच देते, तेही फुकट. 1948 पासून तिथे ही पद्धत आहे. डुकराचे मांस चालत नसेल तर तसे सांगितले की पुरे.

एका व्हिएतनामी तरुणाला जंगल आवडते. जमीन कुणाच्याही मालकीची असो, तिथे जंगलात फिरण्याचा, रानफळे आणि अळंबी वेचण्याचा हक्क सर्वांना आहे, परदेशी माणसालाही. फक्त कुणाच्या अंगणात शिरायचे नाही.

नेपाळी मुलीने ओदी वाचनालयाचे नाव घेतले. 2018 मध्ये हेलसिंकीत संसद भवनासमोर ते उघडले. तिथे पुस्तकांबरोबर शिवणयंत्रेही आहेत. ती स्वतःचे कपडे तिथेच शिवते.

सोमाली बसचालक म्हणाला, सौना! सौना म्हणजे लाकडी खोलीत तापल्या दगडांवर पाणी टाकून घ्यायची वाफ. बसमध्ये शब्द न बोलणारी माणसे तिथे घाम गाळताना मन मोकळे करतात.

"आणि तू काय सांगितलंस?" आपाने विचारले.

"मी म्हटलं, थंडी मला मिरजेतच जास्त वाजायची. इथं खिडक्यांना तीन-तीन काचा, घर कायम उबदार. पण खरं सांगू अम्मी, इथं माणसावर आधी विश्वास ठेवतात. मेट्रो स्टेशनला गेट नाही. तिकीट काढलं असणारच, असं धरून चालतात. तपासनीस येतो, पण क्वचित."

त्रासही त्याने लपवला नाही. डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो आणि तीन-सव्वातीनला मावळतो. शेजारी हसतो, पण घरात बोलावत नाही. फिनिश येत नसेल तर चांगली नोकरी मिळणे अवघड. रमजान जूनमध्ये आला, की दिवसच जवळजवळ 19 तासांचा. तेव्हा काही जण मक्केच्या वेळेप्रमाणे रोजा सोडतात.

"पण आपली माणसं आहेत का रे तिथं?" आपाचा आवाज जरा ओला झाला होता.

तिला धीर यावा म्हणून त्याने तातार मुसलमानांची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातल्या खेड्यांतून कापड आणि फर विकत ते फिनलंडमध्ये आले. 1925 मध्ये त्यांनी आपली जमात रीतसर नोंदवली. आज त्यांची नातवंडे-पतवंडे बाहेर फिनिश बोलतात, पण घरची तातार भाषाही त्यांनी सोडलेली नाही.

आपा गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तेही परत गेले नाहीत."

यावर त्याला काही बोलता येईना. मलाही सुचेना. मग एक जुनी बातमी आठवली. 2013 मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'ने जगातल्या 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटे मुद्दाम रस्त्यावर टाकली होती. हेलसिंकीत 11 परत आली, सगळ्यांत जास्त. दुसरा नंबर आपल्या मुंबईचा, 9 पाकिटे. मी ते आपाला सांगितले.

तिने डोळे पुसले, मोबाइल जवळ घेतला आणि लेकाला म्हणाली, "ऐकलंस ना? इथंही माणसं आहेत. दोन पाकिटांचाच काय तो फरक. ईदला नाही तर नाही, पण ये."

"येतो, अम्मी," तो म्हणाला. किती दिवसांसाठी, हे तिने विचारले नाही.