बिनआरशाचा कॅमेरा घ्यावा कीं न घ्यावा?

एकत्र कुटुंबांत मोठी खरेदी निघाली म्हणजे दोन पक्ष पडावयाचेच. तरुण मंडळींस नवें हवें असतें, वडील मंडळींस जुनें टिकवावेंसें वाटतें, आणि दोघांचेंही म्हणणें आपापल्यापुरतें खरें असतें. आमच्या घरीं यंदा हा वाद कॅमेऱ्यावरून निघाला. घरांत २०१४ सालीं बाजारांत आलेल्या निकॉन डी ७५० या जातीचा आरशाचा कॅमेरा व त्याचीं दोन भिंगें आहेत. तीं बाजूस सारून बिनआरशाचा, ज्यास मिररलेस म्हणतात तो, कॅमेरा सर्व सरंजामासह घ्यावा असा पुतण्याचा आग्रह पडला. खर्च सामाईक पैशांतून व्हावयाचा, म्हणून निर्णय आमच्याकडे आला. तो आम्हीं कसा केला हें येथें सांगितल्यास, याच पेंचांत सांपडलेल्या इतर कुटुंबांसही उपयोग होईल अशी आशा आहे.

वादास बसण्यापूर्वीं वस्तु नीट समजून घेतली पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें ४५ अंशांत कललेला आरसा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश तो वर वळवितो, वरील कांचेचा लोलक प्रतिमा सुलट करून डोळ्यापुढें आणतो, आणि कळ दाबतांच आरसा उचलला जाऊन प्रकाश मागच्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टिकेवर, पडतो. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हा मधला दुभाषी काढून टाकला आहे. सेन्सरवर जें उमटतें तेंच आंतील लहान पडद्यावर दिसतें. चित्र काळवंडणार कीं पांढरें फटक होणार, हें कळ दाबण्यापूर्वींच समजतें. पॅनासॉनिकनें असा कॅमेरा, भिंगें बदलण्याच्या सोयीसह, २००८ सालीं काढला. २०१३ सालीं सोनीनें ३६ × २४ मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीच्या सेन्सरसह आपला काढला, आणि २०१८ सालीं निकॉन व कॅनन हे जुने कारखानेही त्याच वाटेस लागले.

आतां पूर्वपक्ष. पुतण्याचे मुद्दे तीन होते. पहिला नेमकेपणाचा. आरशाच्या कॅमेऱ्यांत फोकस साधण्याचें काम आरशाखालीं बसविलेला निराळा सेन्सर करतो, आणि त्याचा व मुख्य सेन्सरचा मेळ किंचित् चुकला कीं डोळ्याऐवजीं कान स्पष्ट येतो. नव्यांत मुख्य सेन्सरच तें काम करतो व माणसाचा डोळा ओळखून त्यावर स्थिर राहतो. दुसरा मुद्दा निःशब्दतेचा. आरशाची खटखट नाहीं, आणि हवें तर कळही अगदीं मुकी करतां येते. तिसरा भविष्याचा. २०२० नंतर निकॉन किंवा कॅनन यांनीं आरशाचा एकही नवा कॅमेरा काढलेला नाहीं. म्हणजे या घराण्यास पुढें वारस दिसत नाहीं. तीनही मुद्दे आम्हांस मान्य आहेत.

उत्तरपक्षाचें म्हणणें असें कीं, कॅमेरा घेणें ही एका वस्तूची खरेदी नसून एका घराण्याशीं सोयरीक आहे. भिंग ज्या तोंडावर बसतें त्यास माउंट म्हणतात, आणि प्रत्येक घराण्याचा माउंट निराळा. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्यें भिंगाचें तोंड व सेन्सर यांतील अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. आरसा गेल्यामुळें नव्या झेड माउंटमध्यें तें १६ वर आलें. त्यामुळें जुनीं भिंगें नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाहींत, मध्यें अ‍ॅडॉप्टर लागतो. आमच्या दोन भिंगांपैकीं २४ ते १२० मिलिमीटरच्या झूम भिंगांत स्वतःची मोटर असल्यामुळें त्याचा फोकस अ‍ॅडॉप्टरवरही आपोआप लागतो. दुसरें ८५ मिलिमीटरचें, पुतण्याच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या दिवंगत बंधूंनीं, हौसेनें घेतलेलें. तें जुन्या पद्धतीचें असून कॅमेऱ्यांतील मोटरीवर चालतें. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर त्याचा फोकस हातानेंच लावावा लागतो.

वजनाविषयींही पुष्कळ बोललें जातें. डी ७५० बॅटरीसह ८४० ग्रॅम भरतो, आणि बिनआरशाचा निकॉन झेड ६ भरतो ६७५ ग्रॅम. परंतु अ‍ॅडॉप्टरचे १३५ ग्रॅम मिळविले म्हणजे बचत अवघ्या ३० ग्रॅमची! शिवाय आंतील पडदा सतत वीज खातो. कारखान्याच्या मोजणीप्रमाणें एका भरणींत डी ७५० ची १२३० चित्रें निघतात, झेड ६ ची ३१०. मुंजीच्या दिवशीं घाणा भरण्यापासून भिक्षावळीपर्यंत उभें राहावयाचें तर खिशांत दोन-तीन बॅटऱ्या अधिक ठेवणें आलें.

येथवर वाद बरोबरींत होता. म्हणून आम्हीं सर्वांस संगणकापुढें बसवून गेल्या वर्षाचीं चित्रें काढावयास लावलीं. प्रत्येक चित्राबरोबर त्याचें भिंग किती मिलिमीटरवर होतें, झांप किती वेळ उघडी राहिली, ही नोंद आपोआप राहते. बिघडलेलीं चित्रें निवडून आम्हीं त्यांचे तीन गट केले: काढणाराचा हात हलला तीं, समोरचें मूल हललें तीं, आणि फोकस चुकला तीं. बहुतेक चित्रें पहिल्या दोन गटांत पडलीं, आणि तीं संध्याकाळीं माजघरांत १/१५ सेकंदावर काढलेलीं होतीं. कॅमेऱ्यांत बसविलेली स्थिरीकरणाची योजना थरथरत्या हातास आधार देते, पण धांवत्या नातवास थांबवूं शकत नाहीं. त्यास प्रकाशच अधिक लागतो. आमचें झूम भिंग एफ ४ चें आहे, एफ १.८ चें भिंग त्याच्या जवळजवळ पांचपट प्रकाश आंत घेतें, म्हणजे १/१५ च्या जागीं सुमारें १/७५ सेकंद पुरतो. तेव्हां निम्म्याहून अधिक दुखण्यावर औषध कॅमेऱ्यांत नसून भिंगांत आहे, हें सर्वांस पटलें.

राहिला तिसरा गट. शितावरून भाताची परीक्षा, ज्यास शास्त्रकार स्थालीपुलाकन्याय म्हणतात, ती येथें करतां येते. पुण्या-मुंबईस कॅमेरे दिवसाच्या भाड्यानें मिळतात. आम्हीं झेड ६ दोन दिवसांकरितां आणविला. आमच्या मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून त्यांस फ्लॅशचा लखलखाट सोसत नाहीं, आणि कळीचा आवाज झाला कीं त्यांची मुद्रा आखडते. समईच्या उजेडांत स्तोत्र म्हणत असतां पुतण्यानें त्यांचीं चित्रें घेतलीं, तीं त्यांस कळलींही नाहींत. डोळे नेमके आले, सुरकुती न् सुरकुती आली. एवढ्या बाबतींत नव्या कॅमेऱ्याचा विजय आम्हीं मोकळ्या मनानें मान्य केला. मात्र मंगल कार्यालयांतील एलईडी दिव्यांखालीं मुक्या कळीनें चित्रावर आडवे पट्टे उमटूं शकतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

मग घेतला कां नाहीं? आपल्याकडे योगक्षेम असा जोडशब्द आहे. नाहीं तें मिळविणें हा योग, मिळालें तें राखणें हा क्षेम. हल्लीं घरोघर योग उदंड आहे आणि क्षेमाकडे कोणी पाहत नाहीं. हजारों चित्रें एकाच डिस्कवर पडून असतात. ती बंद पडली कीं एका पिढीचें बाळपण गेलें. मातोश्रींच्या लग्नाचें एकच छायाचित्र आमच्याकडे आहे. कडा कसरीनें खाल्ल्या आहेत, तरी मुखें स्पष्ट आहेत. कां, तर तें कागदावर उतरलेलें आहे. आमच्या आजीचें तर एकही नाहीं, आणि ती कशी दिसत होती हें सांगणारें माणूस आतां एकट्या मातोश्रीच आहेत.

म्हणून ठरलें तें असें. यंदा एफ १.८ चें, स्वतःची मोटर असलेलें ५० मिलिमीटरचें एक भिंग घ्यावयाचें. तें आजच्या कॅमेऱ्यास चालतें व उद्यां नवा आला तर अ‍ॅडॉप्टरवर त्यासही चालेल. सर्व चित्रांची दुसरी प्रत करून ती धाकट्या बंधूंच्या बिऱ्हाडीं, दुसऱ्या गांवीं, ठेवावयाची. दरवर्षीं दिवाळीपूर्वीं निवडक चित्रें छापून, मागें नांव-तिथि लिहून, आल्बमांत लावावयाचीं. हें काम पुतण्याकडे. भिंगें पावसाळ्यांत हवाबंद डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावयाचीं, म्हणजे बुरशी धरणार नाहीं. जुना कॅमेरा दुरुस्तीच्या पलीकडे गेला कीं बिनआरशाचाच घ्यावयाचा, यांत आतां मतभेद नाहीं.

एक कलम मात्र पुतण्यानें हट्टानें घालून घेतलें, व तें आम्हांस योग्य वाटलें. यंत्र थांबूं शकतें, मातोश्रींचें वय थांबणार नाहीं. तेव्हां दर दोन महिन्यांनीं नवा कॅमेरा दोन दिवस भाड्यानें आणावयाचा, आणि ते दोन दिवस त्यांच्यापाशीं बसण्याचे. पहिल्या खेपेचीं चित्रें छापून आलीं आहेत. तीं पाहून त्या म्हणाल्या, “मी हुबेहूब आईसारखी दिसूं लागलें आहें.”