धडा पुस्तकात, उत्तर डोंगरावर

कोयना खोऱ्यातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि पोरांना विचारा, "प्रदूषणाचे प्रकार किती?" हवा, पाणी, ध्वनी... घडाघडा उत्तर येते. मग खिडकीतून समोरच्या डोंगराकडे बोट करा. "ती कारवी मागं कधी फुलली होती?" वर्ग चिडीचूप. अशा वेळी मागच्या रांगेतलं गुरं राखणारं एखादं पोरगंच सांगू शकतं, "मी पहिलीत होतो तवा, गुरुजी!"

कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते अन् वाळून जाते. पहिलीत पाहिलेली फुले पुन्हा दिसायची ती आठवीत. पण या उत्तराला परीक्षेत मार्क नाहीत.

पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले, २००३ साली पुन्हा बजावले. विषय शाळेत आला, प्रकल्पवह्या आल्या. पण दुकानातली चित्रे आणून चिकटवली की प्रकल्प झाला, असे होऊन कसे चालेल? २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरवली. त्यातली कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आपल्या महाराष्ट्रातली. जे बघायला लांबून माणसे येतात, ते आपल्या पोरांच्या शाळेच्या वाटेवर आहे!

गावाला देवराई असेल तर तिथे वर्ग भरवावा. शेकरू हा आपला राज्यप्राणी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, फांदीवरून फांदीवर उड्या मारत जातो. "मधली चार झाडं तोडली तर तो पलीकडं कसा जाणार?" एवढे विचारले तरी पोरे विचारात पडतील. याला ना खर्च, ना अनुदान.

दुसरे काम त्याहून निकडीचे. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. कोणती रानभाजी कोवळी असतानाच खावी, कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणता झरा कधी आटतो, हे तालुक्याला टेबलाशी बसून लिहिता येत नाही. ते गावातल्या आज्या-आजोबांना ठाऊक. कर्ती माणसे मुंबईला गेली, म्हातारी माणसे एकेक करून चालली. त्यांच्याबरोबर झाडांची नावेही जातील.

तेव्हा समितीने अन् गुरुजींनी एकत्र बसावे. सातवी-आठवीच्या पोरांना वही द्यावी. आजीने सांगावे, नातीने लिहावे, गुरुजींनी तपासावे. फूल तोडू नये, घरट्याला हात लावू नये, एवढी शिस्त मात्र हवी.

कारवी परत फुलेल. आजी मात्र तेवढी थांबेलच असे नाही. वही यंदाच उघडा.