ओठांवरचा मध्यम (जुन्या वाद्यांचे नाद : लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण झडपांपर्यंत आलो होतो. 1818 मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी झडपेचं पेटंट घेतलं, आणि पुढे ट्रम्पेटवर हवा तो स्वर बोटांनी निघू लागला. बाखच्या काळातला ट्रम्पेट मात्र नुसती वळवलेली पितळी नळी. डी स्वराच्या ट्रम्पेटमध्ये ती उलगडली तर सव्वादोन मीटरच्या आसपास भरते. तिला ना झडप, ना भोक.

अशा नळीतून निघतात ते फक्त स्वयंभू स्वर. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तसाच हा प्रकार. खालच्या अंगाला हे स्वर दूर दूर असतात. आठव्यापासून पुढे ते जवळ येतात आणि तिथेच सलग सप्तक मिळतं. त्यामुळे बाखचा ट्रम्पेट बहुतेक वेळ वरच्याच पट्टीत फिरतो.

गोम आहे ती अकराव्या स्वरात. तो शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळजवळ मधोमध पडतो. तेरावा असाच दोन धैवतांच्या मध्ये. त्यांना ठिकाणावर आणायचं काम ओठांचं. जुन्या माउथपीसची कड रुंद, सपाट असते आणि आत नळीकडे जाताना धारदार कोपरा असतो. त्यामुळे स्वर वाकवता येतो, पण दम चांगलाच लागतो. लायपझिगमध्ये बाखचा प्रमुख ट्रम्पेटवादक होता गॉटफ्रीड रायखे. 5 ऑक्टोबर 1734 च्या रात्री राजासमोर उघड्यावर, मशालींच्या धुरात त्याने वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी तो कोसळून वारला. वय 67. चित्रकार हाउसमनने काढलेल्या त्याच्या चित्रात हातात गुंडाळलेला ट्रम्पेट दिसतो.

हेच चित्र समोर ठेवून 1960 च्या सुमारास जर्मनीत ओटो स्टाइनकोफने एक ट्रम्पेट घडवला आणि त्याला तीन भोकं पाडली. भोक उघडलं की अकरावा, तेरावा सुरात येतात, शेजारचा नको तो स्वर गळतो आणि चूक टळते. पुढे चार भोकांचा ट्रम्पेट रुळला. आज ‘ऐतिहासिक वाद्य’ म्हणून मैफलीत दिसतो तो बहुधा हाच. भोकांवर माझा राग नाही. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे फसका स्वर कोणाला हवा असतो? पण त्याला अस्सल म्हणू नये. अस्सलपणा शोधायचा तर तो ओठांत, आणि जिभेतही : 1638 मध्ये फान्तीनी आणि 1795 मध्ये आल्टनबुर्ग या ट्रम्पेटवादकांनी आपल्या पुस्तकांत जिभेचे बोल लिहून ठेवलेत. त्यांत सगळे आघात सारखे नसतात. आजचे वादक मात्र अनेकदा ते एकसारखेच मारतात.

भोकांशिवाय वाजवणारे मोजके आहेत. फ्रान्सच्या जाँ-फ्रान्स्वा मादफने ‘ला पेतीत बांद’ या वाद्यवृंदाबरोबर बाखचा दुसरा ब्रांडेनबुर्ग कन्चेर्तो तसा ध्वनिमुद्रित केला आहे. तो आधी ऐका, मग भोकांच्या ट्रम्पेटवरचा कोणताही. दोन्ही वेळा कान मध्यमावर ठेवा. पुढच्या आठवड्यात सॅकबट.