रविवारची एक्सेल शीट

सोमवार ते शुक्रवार ऑफिसची एक्सेल शीट, रविवारी माझी स्वतःची! त्यात मिलिटरी अकादमी आणि तिथून बाहेर पडलेल्यांच्या गोष्टींची यादी. कादंबऱ्या, सिनेमे, जे सापडेल ते.

तुम्ही म्हणाल, हे कुठलं खूळ? तर मी पुण्याचा. बारावीत खडकवासल्याच्या एनडीएची लेखी परीक्षा पास झालो, पण इंटरव्ह्यूतून घरी परतलो. बाबा एक शब्दही बोलले नाहीत. त्या रात्री ‘लक्ष्य’ (२००४) परत पाहिला. यादीतली पहिली नोंद तीच.

रकाने साधे आहेत: नाव, साल, अकादमी, हीरोला तिथे राहायचंय का? ‘लक्ष्य’मधला करण डेहराडूनच्या आयएमएतून पळतो, मग परततो. ‘मेजर साब’चा (१९९८) हीरो वडिलांच्या मृत्युपत्रातल्या अटीपायी येतो. मारिओ वार्गास योसाच्या ‘द टाइम ऑफ द हीरो’त (१९६३) पेरूच्या लिओन्सिओ प्राडोमधली पोरं पेपर चोरतात, लेखक स्वतः तिथे शिकलेला.

गंमत बघा, आतल्यांना बाहेर पडायची घाई. दारातूनच परत पाठवलेल्याची गोष्ट माझ्या यादीत एकही नाही.

‘नायिका’ हा रकानाही रिकामाच. एनडीएत मुली २०२२ साली आल्या, पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये पास आउट झाल्या. आता धाकटी बहीण लेखी परीक्षेला बसतेय. बाबा पहाटे पाचला तिला टेकडीवर पळायला नेतात. मी पण जातो. तिचं काहीही होवो, घरी आल्यावर आधी बोलायचं, असं बाबांना सांगून ठेवलंय.