पितळ भट्टीत घटते ते जाते कोठे?

आमचा धंदा कापडाचा. धातूशी आमचा संबंध गजापुरता आणि कुलपापुरता. परंतु काही वर्षांपूर्वी घर बांधायला काढले तेव्हा वडिलांच्या वेळची पितळी भांडी, तुटके नळ आणि दुकानातल्या जुन्या पितळी नळ्या असा 40 किलो माल आम्ही एका भट्टीवाल्या उस्तादांकडे दिला. दारांच्या मुठी आणि कड्या ओतून घ्यायच्या होत्या. माल परत आला तो उरलेले तुकडे धरून साडेसदतीस किलो. अडीच किलो गेले कोठे? हा सवाल आम्ही भर बाजारात केला, आणि ज्या सुरात केला त्याची आज शरम वाटते. उस्ताद एवढेच म्हणाले, "सेठ, ते धुरात गेले." आम्हाला तो बहाणा वाटला.

पुढे चार जाणकारांना विचारले, पुस्तके पाहिली, तेव्हा समजले की उस्तादांचे बोलणे अक्षरशः खरे होते. आपल्या कारागीर आणि भंगारवाल्या बांधवांना हे उपयोगाचे वाटेल म्हणून येथे मांडत आहोत.

जमिनीत सोने तेवढे बहुधा सुटे सापडते. बाकीचे धातू गंधकाशी किंवा प्राणवायूशी जखडलेले असतात, आणि अशा दगडालाच खनिज म्हणतात. धातू काढणे म्हणजे ही पकड सोडवणे. प्रत्येक धातूची पकड निराळी, म्हणून भट्टीही निराळी आणि खर्चही निराळा. लोखंडाचा प्राणवायू दगडी कोळशाचा कोक ओढून घेतो. जस्ताचे मात्र वेगळेच आहे.

जस्ताचे खनिज प्रथम भाजून त्यातला गंधक उडवतात. उरते ती राखेसारखी भुकटी. ती कोळशाबरोबर तापवली की कोळसा तिच्यातला प्राणवायू घेतो, पण त्यासाठी हजार अंश सेल्सिअसच्या वर आच लागते. अडचण अशी की जस्त 907 अंशालाच उकळते. म्हणजे ते भट्टीत पाणी होऊन तळाशी बसत नाही, वाफ होऊन निघते. या वाफेला हवा लागली की ती पेटते आणि पुन्हा पांढरी भुकटी होते. मेहनत सारी फुकट. तांबे-लोखंड हजारो वर्षांपासून गाळणाऱ्या माणसाला जस्त इतक्या उशिरा हाती आले, त्याचे कारण हेच.

ही गाठ मोठ्या प्रमाणावर सोडवली ती आपल्याच देशात, राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीपासून तेथे जस्त निघत होते. 1980 च्या दशकातील उत्खननात तिथल्या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. वांग्याच्या आकाराचे मातीचे कुंभ करून त्यात भाजलेले खनिज आणि कोळसा वगैरेंच्या गोळ्या भरत आणि तोंडाला मातीची लांब नळी बसवत. मग कुंभ उलटा, नळी खाली करून ठेवत. एका भट्टीत असे 36 कुंभ. आग वरच्या खणात. नळ्या छिद्रांच्या विटांतून खालच्या थंड खणात उतरलेल्या. वाफेला वर जायला वाट नाही, म्हणून ती नळीतून खाली येई, हवेशी गाठ पडण्याआधीच थंड होई आणि जस्त थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताचे पेटंट घेतले ते 1738 मध्ये. त्याचीही रीत वाफ खाली उतरवण्याचीच होती.

आमचे शिक्षण उर्दूतून झाले, म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त जस्ताला 'रूह-ए-तूतिया' हेही नाव दिलेले आहे. येथे तूतिया म्हणजे मोरचूद नव्हे, तर जस्ताची ती भुकटी. तिचा रूह, म्हणजे प्राण, वाफ होऊन निघतो. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याने भट्टी डोळ्यांनी पाहिलेली असणार.

तांब्याची कथा सरळ आहे, पण खर्चाची. आपल्या गोंदियाच्या शेजारी, मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी खाण आहे. तेथील शंभर किलो दगडात तांबे किलोच्या आसपासच. दगड पिठासारखा दळतात, पाण्यात फेस करून तांब्याचे कण फेसाबरोबर वर काढतात. मग भट्टीत वाळू घालून लोखंडाचा मळ वेगळा करतात आणि उरलेल्यात हवा फुंकून गंधक जाळतात. शेवटी विजेने शुद्ध करतात तेव्हा 99.99 टक्क्यांचा पत्रा मिळतो. ॲल्युमिनियमला तर वीजच सर्वांत जास्त लागते. नवा माल काढायला किलोमागे तेरा-चौदा युनिट, आणि भंगार वितळवायला त्याचा जेमतेम विसावा हिस्सा. भंगाराला भाव येतो तो याच हिशेबाने. पकड सोडवण्याचा खर्च एकदा होऊन गेलेला असतो.

आता आमच्या अडीच किलोंकडे येऊ. पितळ म्हणजे साधारण 60 ते 70 भाग तांबे आणि बाकी जस्त. ते वितळते 900 ते 950 अंशांच्या दरम्यान, म्हणजे जस्ताच्या उकळीच्या अगदी उंबरठ्यावर. आच थोडी वाढली, मूस थोडी जास्त वेळ उघडी राहिली, की जस्त वाफ होऊन पेटते आणि पांढरा धूर होतो. भांड्यांचा मळ आणि जुनी कलई यांचीही थोडी घट आलीच.

ही घट पूर्ण टळत नाही, कमी मात्र होते. वितळलेल्या पितळावर कोळशाची पूड किंवा काचेचा चुरा पसरावा. रस ओतण्याजोगा झाला की मूस उतरवावी, उगाच आच वाढवू नये. नवे पितळ करताना तांबे आधी आणि जस्त शेवटी टाकावे, तेही कोरडे आणि शेकलेले. ओले जस्त टाकले तर रस अंगावर उडतो. कीस विकण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावा. लोखंड मिसळलेल्या कीसाला व्यापारी भाव पाडूनच घेतो.

तो पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. भट्टीवर दूध पिण्याची चाल आहे, पण दुधाने धूर अडत नाही. वर धुरांडे आणि समोरून खेळती हवा हवी.

आम्ही उस्तादांकडे गेलो आणि बाजारात बोललो होतो म्हणून बाजारातच माफी मागितली. ते हसले आणि आम्हाला धुरांड्याखाली घेऊन गेले. विटांवर बोटभर पांढरा थर बसला होता. बोट फिरवून ते म्हणाले, "घ्या सेठ, तुमचे पितळ."