बार्शी लाईट: बाजाराला नेणारी आगीनगाडी

बुधवार पेठेतील तुळशीबागेत कुटुंबकबिल्यासह खरेदीस निघणाऱ्या आम्हां पुणेकरांस ठाऊक असो वा नसो, परंतु मोटारींचा सुळसुळाट होण्यापूर्वी सोलापूर प्रांतीच्या रयतेस बाजाराचे गाव गाठून देणारे वाहन म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने योजलेली, अवघ्या अडीच फुटी रुळांवरील १८९७ सालची बार्शी लाईट रेल्वे होय. लीड्सच्या किटसन कारखान्यातील तिची इंजिने अशी रचलेली, की कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये. त्यामुळे हलके, म्हणूनच स्वस्त, रूळ पुरले, आणि माझ्या मते सारी चतुराई यातच आहे. कुर्डुवाडीस मोठ्या गाडीतून उतरून, बोचकी आणि पोरे सांभाळीत या चिमुकल्या गाडीत शिरावे. मग एकीकडे धान्याच्या अडतीची बार्शी व १९११ पासून लातूर, तर दुसरीकडे १९०६ पासून बुक्का, कुंकू नि चुरमुऱ्यांचे पंढरपूर. १९२७ साली मिरज जोडले गेले. १९५४ साली रेल्वे सरकारी मालकीची झाली. आता तेथे ब्रॉडगेज आहे.

अरुंद रुळांची हौस आजही सहकुटुंब भागवायची असेल, तर नेरळहून माथेरानची १९०७ सालची दोनफुटी वाट धरावी. पावसाळ्यात मात्र नेरळ ते अमन लॉज स्थानक हा टप्पा बंद असतो.