चालकाविना गाडी : फायदा नेमका कोठे?

चालकाविना धावणारी गाडी म्हटले की संगणकाची चपळाई आठवते. पण जरा हिशेब करा. आगगाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. ब्रेक लावल्यावर हा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत असेल, तर ती २०० मीटरांवर थांबेल. धोका ओळखण्यात चालकाचा एक सेकंद गेला, तर आणखी २० मीटर. संगणक वाचवील ते फार तर एवढेच!

मग फायदा कोठे? समजा, दर ८ मिनिटांनी ८ डब्यांची गाडी येते. प्रवाशाला सरासरी ४ मिनिटे थांबावे लागते. त्याऐवजी दर २ मिनिटांनी २ डब्यांची गाडी सोडली, तर प्रवासी तेवढेच जातील, पण सरासरी खोळंबा १ मिनिटावर येईल. मात्र एरवी त्यासाठी चालक चौपट लागले असते. फ्रान्समधील लील शहराने १९८३ साली दोन डब्यांची चालकरहित मेट्रो सुरू केली, ती याच विचाराने. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये चालकरहित सेवा सुरू झाली.

बंदिस्त रुळांवर हे जमते. रस्त्यावर बसपुढे सायकल, गाय, लहान मूल, काहीही येऊ शकते. शिवाय प्रत्येकजण चालकरहित मोटारीत एकेकटा बसला, तर रस्ता तेवढाच तुंबेल. तेव्हा खरा प्रश्न गाडी कोण चालवतो हा नसून, तिच्यात किती जण बसतात हा आहे.

तुमच्या थांब्यावर तासाभरात येणाऱ्या बसच्या वेळा टिपा आणि सरासरी खोळंबा काढून पाहा.